परबांचा स्लॅब

मागच्या मे महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी सकाळी विश्राम परब यांच्या घरी एसी बसवण्यात आला. बसवायला दोघं जण आले होते. भिंतीला भोक पाडण्याचा आवाज बराच वेळ चालला. तेवढ्या वेळात आमच्या विंगमधली निम्मी माणसं या ना त्या निमित्ताने तिसऱ्या मजल्यावर चक्कर मारून गेली. त्यातल्या एकाने खाली जाऊन वॉचमनला विचारलं, "परब जागा विकून गेले काय रे?"

शंकेला कारण होतं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत परबांचं दार आणि माझं दार समोरासमोर आहे, आणि ते पंचवीसएक वर्षं तसंच आहे. एवढ्या काळात परबांच्या घरात विजेवर चालणारी नवी वस्तू शिरलेली मी पाहिली नव्हती. जुन्या मात्र एकेक करून बाहेर पडल्या होत्या.

विजेचा दर चढत जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, पुढे तीनशेपर्यंत त्याहून चढा, आणि त्याच्या पुढच्याचा विचार माणसाने रिकाम्या पोटी करू नये. या पायऱ्यांना स्लॅब म्हणतात. इतरांना स्लॅब बिल आल्यावर आठवतो. परब स्लॅबमध्येच राहतात. शंभराच्या आत.

"स्लॅब सांभाळा," हे त्यांचं वाक्य. ते फक्त विजेपुरतं नाही. माझ्या मुलाच्या लग्नात वाढपी तिसरी जिलेबी घेऊन आला, तेव्हा परबांनी ताटावर हात धरला. "नको. इथून पुढे रेट बदलतो." सोसायटीच्या सभेत अध्यक्षांचा आवाज चढला की मागून परबांचा आवाज येतो, "साहेब, तुम्ही दुसऱ्या स्लॅबात गेलात." माझ्या बायकोबद्दल त्यांचं मत असं, की वहिनींच्या रागाचा पहिला स्लॅब मोठा आहे, त्यामुळे पेपरवाल्यांना परवडतं. पेपरवाले म्हणजे मी. एका वर्तमानपत्राच्या वृत्तविभागातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, पण परब पदव्या परत घेत नाहीत.

परब भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणच्या पुढे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती मुलगी रेश्मा लग्न करून बंगळुरूला गेली. तेव्हापासून दोन खोल्यांच्या त्या घरात परब एकटे आणि एक पंखा. पंखे तसे तीन आहेत, पण परब असतील त्याच खोलीतला फिरतो, तोही दोनवर. तीनवर त्यांना सर्दी होते असं ते सांगतात.

दारावरची बेल त्यांनी काढून टाकली. "दिवसरात्र आत करंट घेऊन बसलेली असते, आणि येतंय कोण?" आता तिथे कडी आहे, ती वाजवायची. हिवाळ्यात आंघोळीचं पाणी ते ॲल्युमिनियमच्या कळशीत भरून गच्चीवर उन्हात ठेवतात. शर्टांना इस्त्री गादीखाली होते. मिक्सर त्यांनी भाचीला देऊन टाकला आणि गावाहून पाटा-वरवंटा आणला. रविवारी सकाळी ते स्वतः खाली बसून माशांच्या आमटीचं वाटप वाटतात. दुसऱ्या मजल्यावरच्या शहांनी त्या आवाजाबद्दल लेखी तक्रार केली होती. परबांनी त्यांना एक वाटी सोलकढी पाठवली. तक्रार मागे घेण्यात आली.

फ्रिज त्यांना टाकता आला नाही, कारण मासे. पण तो उघडण्याची पद्धत आहे. एकदा माझी बायको लिंबू मागायला गेली. परब फ्रिजसमोर उभे राहिले, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले, मग दार वीतभर उघडून हात आत घातला आणि लिंबू काढून दार लावलं.

"काय म्हणत होता, भावोजी?"

"कुठल्या कप्प्यात काय आहे ते. आधी ठरवायचं, मग उघडायचं. तुम्ही लोक फ्रिज उघडून विचार करता, वहिनी. तिथेच तुमची वाट लागते."

हे तिने घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. सांगताना तिचा चेहरा कौतुकाने भरलेला होता. आमच्या घरात माझ्या वाट्याला तसा चेहरा शेवटचा कधी आला, याची माहिती उपलब्ध नाही.

मला परबांचा हेवा वाटत असे. हे विधान मी जबाबदारीने करतो आहे.

आमच्याकडे मी, बायको, मुलगा, सून पूर्वा आणि नात. दोन एसी, गीझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, घरून काम करणारे दोन लॅपटॉप आणि सतत कुठेतरी टोचलेले पाच फोन. आमच्या बिलाचा आकडा गेल्या काही वर्षांत असा वाढला, की मी तो आधी एका डोळ्याने बघतो. त्यातच सोसायटीत बिलं येण्याची एक रीत आहे. मोबाईलवर बिल येतं ते वेगळं, पण कागदी बिलांचा गठ्ठा अजून खाली टपालाच्या फळीवर पडतो. आपलं शोधायचं तर दुसऱ्यांची चाळावी लागतात. परबांना ही अव्यवस्था सहन झाली नाही. त्यांनी बिलं घरोघर वाटण्याचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. त्यामुळे विंगमधल्या प्रत्येकाचं बिल त्यांना तोंडपाठ झालं, आणि प्रत्येकाला ते त्यांच्या हातून, त्यांच्या तोंडच्या दोन शब्दांसकट मिळू लागलं.

आमच्या दारात ते सगळ्यात शेवटी येत. बिल दोन्ही हातांनी पुढे करत, एखाद्या घरी मयताला गेल्यासारखा चेहरा करून.

"या महिन्यात काय, पाहुणे होते?"

"नाही."

"मग गीझर असेल. असू दे. माणसं आहेत तर वापरणारच." मग आत वाकून, "वहिनी, जरा मोबाईल टोचून ठेवू का? मॅच संपेपर्यंत होईल."

आणि ते आमच्या पंख्याखाली, आमच्या टीव्हीसमोर, आमच्या करंटवर फोन लावून मॅच बघत. पंखा आमच्याकडे पाचवर असतो. सर्दी झालेली पाहिली नाही.

"बघा," ते गेल्यावर बायको म्हणायची, "या वयात एकटा माणूस कसा टापटीप राहतो. आणि बिल किती? आपल्याकडे तेवढ्यात एक एसीसुद्धा भागत नाही."

"तो आपल्याकडे बसतो म्हणून त्याचं बिल कमी येतं."

"म्हणजे एक माणूस दोन तास टीव्ही बघतो म्हणून आपलं बिल एवढं? काहीतरीच बोलू नका हो."

मी त्या महिन्यात मोहीम हाती घेतली. सगळे दिवे बदलले. गीझरला वेळ ठरवून दिली. फ्रिजपुढे उभं राहून डोळे मिटले. नातीला वाटलं मी देवाचं म्हणतोय, तीही हात जोडून शेजारी उभी राहिली. पंधरवड्यानंतर सुनेने मला गॅलरीत गाठून नम्रपणे विचारलं, "बाबा, मीटिंग चालू असताना राउटर कोण बंद करतं?" मोहीम स्थगित झाली. बिल त्या महिन्यात थोडं वाढूनच आलं. परबांनी ते दोन्ही हातांनी दिलं.

मग मला संशय आला, की हा माणूस जिन्याच्या सामाईक लाइनवरून वीज घेत असावा. मी सचिवांना सहज म्हणून सुचवलं, की विंगची वायरिंग एकदा तपासून घ्यावी. इलेक्ट्रिशियन आला. परबांनी त्याला स्वतः घरभर फिरवलं, एकेक स्विच दाखवला, चहा दिला. इलेक्ट्रिशियन बाहेर येऊन म्हणाला, "काकांच्या घरात चोरायला काय आहे? लावलेलंच काही नाही." मात्र आमच्या स्वयंपाकघरातला एक प्लग गरम होतो हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो बदलण्याचा खर्च मला आला.

तळमजल्यावर जिन्याखाली मीटर रूम आहे. विंगमधले सगळे मीटर तिथे ओळीने बसवलेले आहेत. प्रत्येकावर एक लाल बारीक दिवा. घरात वापर जास्त असला की तो भरभर लुकलुकतो, कमी असला की सावकाश. परब रोज संध्याकाळी फेरफटक्याहून परतताना तिथे थांबत. मी दोन-तीनदा पाहिलं, ते त्यांच्या मीटरसमोर नसून आमच्या मीटरसमोर उभे असत. हात पाठीमागे बांधलेले, मान तिरकी. आमचा दिवा तिथे नेहमीप्रमाणे भरभर लुकलुकत असे. माणूस जिंकल्यावरही धावफलक बघायला परत येतो, असा त्याचा अर्थ मी लावला. मी तसाच वर जात असे.

परबांचा हिशेब एका ठिकाणी मात्र चुकला होता, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

रेश्मा तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तान्ह्या मुलीला घेऊन माहेरपणाला आली होती. मुलीचं नाव इरा. बंगळुरूची सवय असलेलं ते लेकरू इथल्या घामाने दुसऱ्याच दिवशी लालेलाल झालं. मान, पाठ, सगळीकडे घामोळं. परबांनी पंखा तीनवर केला. त्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. मूल झोपलं की ते सवयीने उठून पुन्हा दोनवर आणत. तिसऱ्या दिवशी रेश्माने बॅग भरली आणि ती ठाण्याला नणंदेकडे गेली. तिथे एसी होता. भांडण वगैरे झालं नाही. पण त्यानंतर ती आली की ठाण्यातच उतरायची आणि मुलुंडला एक दिवस जेवून जायची.

"ठाण्यालाच बरं पडतं तिला," परब सांगायचे. "नणंदेचा स्लॅब मोठा." मग माझ्याकडे वळून, "पेपरवाले, दीड टन म्हणजे खोलीत नेमकं कसं वाटतं हो?"

दरवर्षी एप्रिल लागला की ते माझ्या बायकोला विचारायचे, घामोळ्यावर काय लावतात. दरवर्षी पावडरचा एक डबा त्यांच्या खिडकीत दिसायचा. मे संपायचा. डबा तसाच असायचा.

म्हणून तो मंगळवार. एसी बसवणारे गेल्यावर मी समोर गेलो. कडी वाजवली. परब आतल्या खोलीत पलंगावर बसून वर बघत होते. एसी आमच्यापेक्षा नवा होता. पाच तारे असलेला. आमच्यावर तीन आहेत. हेही मला आवडलं नाही.

"किती घालवले?" मी विचारलं.

"हप्त्यावर आहे." त्यांनी रिमोट दोन बोटांत धरला होता. "रेश्माला फोन केला. म्हटलं, लावलाय, आता ये. म्हणाली, बाबा, तुम्ही चालू ठेवाल का? म्हटलं, ठेवीन."

"ठेवाल?"

"शब्द दिलाय. पंधरा दिवस राहते म्हणाली. नाही जमलं तर ठाणं आहेच, म्हणाली." त्यांनी रिमोट उलटा करून पाहिला. "हे असं कोण कुणाला सांगतं हो? आपल्याच घरात?"

रेश्मा रविवारी आली. इरा आता बोलत होती. दार उघडलं तेव्हा परब आतून ओरडले, "गो चेडवा, इलस?" आणि इरा आईच्या मागे लपली. एसी चालू झाला. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या मांडीवर होती. आमच्या नातीचीही तिच्याशी गट्टी जमली, आणि दोघी मिळून आमच्याकडे एक आणि त्यांच्याकडे एक असं दुपारचं जेवण दोनदा जेवू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बायकोने दार उघडलं तर परब उभे. घामाघूम. हातात रिमोट.

"वहिनी, हा तुमच्याकडे ठेवा."

"अहो, काय झालं?"

"बंद केला." त्यांचा आवाज पडला होता. "पोर झोपली होती. खोली गार झालेली. मला वाटलं, आता कशाला... वाटलं पण नाही, हातच गेला. पोर उठली रडत. मान लाल झालीय. रेश्माने कपाटावरची बॅग खाली काढली."

समोरच्या दारातून रेश्माचा आवाज येत होता. ती फोनवर होती. "ताई, संध्याकाळी आले तर चालेल ना?"

"चोवीसवर लावलाय," परब घाईघाईने म्हणाले. "स्विचवर चिकटपट्टी मारली. पण रिमोट घरात असला की माझा हात राहत नाही. तुम्ही ठेवा. मी मागायला आलो तरी देऊ नका. रडलो तरी देऊ नका."

बायकोने रिमोट घेतला आणि आमच्या फ्रिजवर ठेवला. मग ती समोर गेली आणि रेश्माला म्हणाली, "रिमोट आमच्याकडे आहे गं. तुझ्या बाबांनी आणून दिला. आता तुझा जायचा दिवस येईपर्यंत तो त्यांना मिळणार नाही."

रेश्माने फोन कानापासून दूर धरला. "म्हणजे बंद करायचा झाला तर?"

"नाहीच करायचा."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने फोनवर सांगितलं, "ताई, नंतर करते." बॅग पुन्हा कपाटावर गेली.

रिमोट चौदा दिवस आमच्या फ्रिजवर होता. मी रोज पाणी प्यायला जाताना तो बघत असे. समोरच्या माणसाचा मीटर आता धावतो आहे, अहोरात्र धावतो आहे, आणि त्याला थांबवायची चावी माझ्या घरात आहे. इतक्या वर्षांत इतकं बरं मला वाटलं नव्हतं. परब रोज एकदा यायचे, फ्रिजकडे बघायचे, आणि काही न मागता जायचे. एकदा मात्र म्हणाले, "ढगाळ आहे आज."

"असू दे, भावोजी," बायको म्हणाली.

"नाही, आपलं सांगितलं."

पंधरा दिवसांचे सतरा झाले. रेश्मा गेली त्या संध्याकाळी मी फिरून येत होतो. मीटर रूमचं दार उघडं होतं. परब आत उभे होते, या वेळी स्वतःच्या मीटरसमोर. लाल दिवा सावकाश लुकलुकत होता. एकदा. मग बऱ्याच वेळाने एकदा.

"पोचवून आलात?"

"हो. विमान सुटलं असेल आता." ते दिव्याकडेच बघत होते. "काल यायला हवं होतं तुम्ही. काय धावत होता! तुमच्यासारखा."

मी आत जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

"इतकी वर्षं मी इथे काय बघायला थांबायचो, ठाऊक आहे? तुमचा मीटर."

"माहीत आहे. मी पाहिलंय."

"कुणीतरी गीझर लावला, कुणीतरी टीव्ही लावला, पोरगी उठली, सून आली... सगळं कळतं इथून. माझा बघायला काय जायचं? मी काय करतोय ते मला ठाऊकच असतं." त्यांनी दार ओढून घेतलं. "चला. वहिनींकडून रिमोट घ्यायचाय."

पुढच्या महिन्यात बिलं आली. त्या वेळी परबांनी सुरुवात तळमजल्यापासून केली, पण हातात दुसऱ्यांची बिलं खाली आणि स्वतःचं वर होतं. प्रत्येक दारात त्यांनी आधी आपलं दाखवलं. शहांकडे चष्मा आणायला लावला. अध्यक्षांकडे मोठ्याने वाचलं. आमच्या दारात ते नेहमीप्रमाणे शेवटी आले, तोपर्यंत त्या कागदाची घडी मऊ पडली होती.

मी आमचं बिल पाहिलं, मग त्यांचं. आमचं कमी होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. या क्षणासाठी मी एक-दोन वाक्यं तयार ठेवली होती.

"चौथा स्लॅब," परब म्हणाले. त्यांचा चेहरा मुलाच्या बारशाचे पेढे वाटणाऱ्या माणसासारखा होता. "तिघं होतो ना. पोर तर दिवसभर घरात. आंघोळीला गरम पाणी लागायचं तिला, मे महिन्यात! मिक्सरसुद्धा आणला भाचीकडून, मिल्कशेकला. वाट लागली, पेपरवाले. पूर्ण वाट लागली."

"अहो, मग आता भरणार कसं?" बायकोने विचारलं.

"भरीन की. माणसं आहेत तर वापरणारच." मग माझ्या हातातल्या बिलाकडे त्यांचं लक्ष गेलं. "तुमचं कमी आलं वाटतं. गेली होती का मंडळी कुठे?"

मी तयार ठेवलेली वाक्यं बोललो नाही. दार लागल्यावर बायको म्हणाली, "किती खुशीत होते ना भावोजी?" तिचा चेहरा तोच होता, लिंबाच्या दिवसासारखा.

त्यानंतरच्या महिन्यात परब घरीच होते, पण बिलं वाटायला आले नाहीत. दोन दिवस वाट पाहून मी खाली गेलो. गठ्ठा टपालाच्या फळीवर तसाच होता, वर बांधलेला रबर न काढलेला. आमचं बिल मधे कुठेतरी होतं. परबांचं सगळ्यात वर होतं. शंभराच्या आत.